हिरवा म्हणजे हजर

माझा भाऊ सोमवारी सकाळी पडला आणि शुक्रवारी दुपारी मला सापडला. मधले दिवस मी त्याला रोज बघत होते. कामावर पोचले की बघायचे, जेवणाच्या सुट्टीत बघायचे, निघताना बघायचे. सगळे दिवस तो हजर होता. आता हजर कुणाला म्हणायचं हे ठरवणं माझंच काम, त्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे सगळं मीच सांगितलेलं बरं. दुसरं कुणी सांगायला बसलं तर मला वाचवायला मधलं काहीतरी गाळेल.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फार डोकं खात नाही. आमच्या संस्थेचं एक ग्रिड आहे. अकराशे माणसांची मशीनं एकमेकांना जोडलेली. कुणाचं मशीन रिकामं बसलं की त्यावर दुसऱ्याचं काम चालतं. शेतावर लोक एकमेकांकडे सावडीनं जातात तसं. त्यातल्या दोन सेवा माझ्याकडे. एक साठवण, म्हणजे कुणाच्या फायली कुठे ठेवायच्या, किती प्रती ठेवायच्या आणि कधी फेकून द्यायच्या. दुसरी हजेरी, म्हणजे आत्ता कोण आहे आणि कोण नाही. प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे हजर, राखाडी म्हणजे गेला. तासभर कुणी एकही कळ दाबली नाही की ठिपका राखाडी होतो, असा मूळचा नियम.

आणि या दोन सेवा मी एकमेकींना बांधल्या होत्या. कारण जागा. फायलींना जागा कधीच पुरत नाही, कपाटासारखंच आहे ते, कितीही मोठं करा. म्हणून माणूस हजर असेल तोवर त्याच्या चालू कामाच्या फायली ठेवायच्या. दहा दिवस गैरहजर राहिला की पुसायच्या. सुटसुटीत नियम. वरच्या लोकांनी कौतुक केलं होतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. धरणांच्या जलाशयात गाळ किती आणि कुठे साठतो हे मोजण्यात त्याची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, यानं जुनी मोजमापं काढली आणि आमच्या ग्रिडवर गणितं चालवायला लागला. एकेक गणित आठवडा-आठवडा चालायचं. त्याचं घर माझ्यापासून गाडीनं दोन तासांवर, गावाच्या कडेला, गल्लीतलं शेवटचं. वहिनी सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून एकटा.

वहिनी गेल्यावर मी रोज फोन करायला लागले, तर आठव्या दिवशी म्हणाला, “बारके, जेवलास का, झोपलास का, हे विचारायला मी काय पाळण्यात आहे? सकाळी आठला मी मशीनवर बसतो. तुझा तो ठिपका बघ. ठिपका गेला की ये.”

मला ते आवडलं, खरं सांगते. आम्हा दोघांनाही फोनवर बोलता येत नाही. दोन मिनिटांत हवापाणी संपतं आणि तिसऱ्या मिनिटाला भांडण सुरू होतं. त्यापेक्षा ठिपका बरा. सकाळी नऊला त्याच्या नावापुढे हिरवं दिसलं की मी माझा चहा प्यायचे.

मग दोन वर्षांपूर्वी त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बारा दिवस दवाखान्यात होता. मी शेजारी बसून होते, त्याला सूप भरवत होते, आणि तिकडे माझ्याच नियमानं त्याचा ठिपका राखाडी होऊन दहा दिवस मोजत होता. अकराव्या दिवशी फायली पुसल्या. गणित चालू होतं, आणि त्या चालू गणिताच्या पायाखालूनच फायली गेल्या. तीन महिन्यांचं काम. मी हजेरीची बाई, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलेली, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

घरी गेल्यावर त्याचा फोन आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तुझ्या यंत्राच्या हिशेबात माणूस आजारी पडत नाही वाटतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी नियमात दोन ओळी घातल्या: ज्याचं काम चालू आहे, तो हजर. झालं. दादालाही तसं कळवलं. आता तो महिनाभर दवाखान्यात राहिला तरी त्याच्या फायलींना कुणी हात लावणार नाही. खरं तर तेव्हाच दोन हजेऱ्या वेगळ्या करायला हव्या होत्या, एक फायलींसाठी आणि एक माणसासाठी. हे मला त्याच दुपारी कळत होतं. पण वेगळं करायचं तर पंधरा दिवसांचं काम होतं, आणि दोन ओळींत भागत होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते आमच्या धंद्यातल्या लोकांनाच बघून म्हणत असावेत.

यानंतर दादाचा ठिपका जवळजवळ कायम हिरवा राहायला लागला. रात्री झोपायच्या आधी फोनवर बघितलं तरी हिरवा. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, म्हातारा अजून जागतोय. नियम मीच बदललाय हे मला माहीत होतं. पण रोज बघायची वस्तू माणूस तपासत नाही, नुसती बघतो. माझंही तसंच झालं.

पडला त्याच्या तीन आठवडे आधी आमचं भांडण झालं. मी त्याला म्हणत होते, घर विक, आमच्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. तो म्हणे, खोली नको, डिस्क वाढवून दे. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. माझ्या जिभेला हाड नाही हे आई लहानपणापासून सांगत आली. मी म्हणाले, “मग पडून राहा तिथेच. मी काही बघायला यायची नाही.”

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. माझा राग चार दिवसांत उतरला, पण आधी फोन कोण करणार यावर गाडी अडली. आमच्या घरात माफी मागायची पद्धतच नाही, माणसं नुसती काही दिवसांनी काहीच घडलं नाही असं बोलायला लागतात. मी त्या दिवसाची वाट बघत होते. आणि ठिपका हिरवा होता, त्यामुळे घाई नव्हती.

त्या सोमवारी आम्ही ग्रिडवर एक नवी सोय चालू केली. आपसात आम्ही तिला उडी म्हणायचो. आधी कसं होतं, एखाद्याचं मशीन बंद पडलं की त्यावरचं काम थांबायचं, पाच मिनिटांत ठिपका राखाडी व्हायचा, आणि माणूस चिडून आम्हाला फोन करायचा. आता काम थांबणार नव्हतं. फायलींच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतातच. एक मशीन गेलं की काम उडी मारून दुसऱ्यावर जाणार आणि तिथून पुढे चालू. ज्याचं काम चालू तो हजर, म्हणजे ठिपकाही हलणार नाही. दीड वर्ष खपले होते मी त्यावर. सगळ्यांना पत्रक पाठवलं होतं. दादा पत्रकं वाचत नाही. नोकरीतही वाचत नव्हता.

मंगळवारी सकाळी आमच्याकडे पाहुणे आले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवणारी एक संस्था होती, तिच्या दोन बाया. त्यांना आमची हजेरी सेवा हवी होती. आमचे साहेब फार खुशीत होते. त्यांना आम्ही पाठीमागे बघूसाहेब म्हणतो, कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांचं उत्तर ‘बघू’ असं असतं. त्या दिवशी मात्र म्हणाले, “दाखवा, दाखवा, सगळं दाखवा.”

मोठ्या पडद्यावर अकराशे ठिपके लावले होते. मी उडीबद्दल सांगत होते आणि कोपऱ्यात एक ओळ आली: एक मशीन तुटलं. आम्ही मुद्दाम काही बंद करायच्या आधीच आपोआप एक नमुना मिळाला. मी ती ओळ उघडली, तर मशीन दादाचं. पुढची ओळ आली, काम हलवलं. त्याच्या पुढची, वापरकर्ता हजर. ठिपका लुकलुकलासुद्धा नाही.

मी हसले. म्हणाले, “हा बघा, हा माझा भाऊच. त्याच्याकडची वीज गेलेली दिसते. पण तो कुठे गेला नाही, इथेच आहे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या दोघींतली जी वयानं मोठी होती, ती वही मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “पण मशीन बंद पडलं, आणि तरी तो माणूस आहे, हे तुम्हाला कसं कळतं?”

मला प्रश्न बाळबोध वाटला. मी जरा वरच्या पट्टीत म्हणाले, “अहो बाई, हेच तर आम्ही बनवलंय. मशीन पडलं म्हणून माणूस गैरहजर ठरत नाही.”

तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नाद सोडला म्हणून, कोण जाणे. आज मला तिचा चेहरा नीट आठवतो, बाकी कुणाचा आठवत नाही.

बुधवारी हिरवा. गुरुवारी हिरवा. गुरुवारी संध्याकाळी भाजी निवडताना नवरा म्हणाला, “दादांना एक फोन करून बघ की. किती दिवस धरून बसणार?” माझा नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. त्याला आमच्या ठिपक्यांचं कधीच कौतुक वाटलं नाही.

“आहे तो. हिरवा आहे,” मी म्हणाले.

“मी रंग विचारला नाही.”

“हे बघ, तो बोलायला लागला की मी बोलेन. मोठा तो आहे.”

“मोठा आहे म्हणूनच म्हणतोय,” तो म्हणाला आणि परत भाजी निवडायला लागला. माझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय.

शुक्रवारी सकाळी नऊला दादाचा ठिपका राखाडी होता.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं गणित संपलं, आता हा दोन दिवस आराम करेल, मग निकाल सांगायला फोन करेल, आणि आपोआप बोलणं सुरू होईल. चहा घेतला. मग सवयीनं नोंद उघडली. काम संपल्याची वेळ आठ वाजून एकोणीस मिनिटं. ठिपका गेल्याची वेळ आठ वाजून एकोणीस मिनिटं. तोच सेकंद.

मी पुन्हा वाचलं. काम संपलं त्याच सेकंदाला माणूस कसा उठून जाईल? तो निकाल बघेल, दोन कळा दाबेल, शिव्या घालेल. तेव्हा कुठे मला माझ्या त्या दोन ओळी आठवल्या. हा ठिपका त्याचा नव्हताच, त्याच्या गणिताचा होता. मग तो स्वतः शेवटचा कधी होता? ती नोंद आम्ही वेगळी ठेवतो, पण ती कुणी कधी उघडत नाही. मी उघडली. शेवटची कळ: सोमवार, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटं.

 फोन केला, वाजून वाजून थांबला. परत केला. मंगळवारची ती ओळ डोळ्यांसमोर आली, मशीन तुटलं. वीज गेली असती तर तासाभरात परत आली असती आणि मशीनही ग्रिडवर परत आलं असतं. ते आलंच नव्हतं. मी साहेबांना काही न सांगता निघाले.

ते दोन तास मी कशी गाडी चालवली ते मला सांगता येणार नाही. मनात एकच चाललं होतं, तो रागावून सगळं बंद करून कुठे फिरायला गेला असू दे. माझा राग आला असू दे. काहीही असू दे.

दादाच्या समोर एक शिंपीण राहते, तिच्याकडे त्याची जादा किल्ली असते. ती मशीनवर शिवत बसली होती. मी किल्ली मागितल्यावर म्हणाली, “घरातच आहेत ते. दिवा चालूच असतो की. सोमवारी त्या यंत्राच्या पंख्याची घरघर चालली होती, मंगळवारपासून बंद झाली. म्हटलं सुंठीवाचून खोकला गेला.” माझं तोंड बघून तिचा आवाज बदलला. ती सुई तशीच सोडून माझ्यामागून धावत आली.

तो कामाच्या खोलीत जमिनीवर होता, डाव्या कुशीवर. वास आला. उजवा हात आणि पाय कुणाचे तरी दुसऱ्याचे असावेत असे पडले होते, तोंड वाकडं झालेलं, डोळे मिटलेले. खुर्ची दाराकडे उलटली होती. तिथून टेबलापर्यंत फरशीवर सरपटल्याची ओल आणि घाण वाळून गेली होती. टेबलाखाली पाण्याचा एक कॅन आडवा पडला होता, रिकामा. आणि डाव्या हाताच्या बोटांना मशीनच्या मागची वायर गुंडाळलेली होती. उपसलेली.

शिंपीण खाली वाकली, त्याच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाली, “आहे. अहो, आहे.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, अर्धांगाचा झटका आहे. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पाण्याचा कॅन हाताशी नसता तर आज आणायचीही गरज पडली नसती. उजवी बाजू परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. किती वेळ झाला होता, असं विचारलं. मी मिनिटासकट सांगितलं. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

वायर त्यानं का उपसली हे मला तिथेच, फरशीवर बघूनच कळलं होतं. फोन स्वयंपाकघरात होता, तिथवर जाणं शक्य नव्हतं. आवाज फुटत नव्हता. कळफलक टेबलावर, उंच. खाली लोंबत होती ती एकच वायर. त्याला वाटलं, मशीन बंद केलं की पाच मिनिटांत ठिपका जाईल, आणि ठिपका गेला की बारकी येईल. ठरलंच होतं तसं. त्याचा हिशेब बरोबर होता. आदल्याच दिवशी मी तो चुकीचा करून ठेवला होता.

आठवड्यानं मी साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, “फार वाईट झालं.” खरंच वाईट वाटलं त्यांना. मी म्हणाले, दोन हजेऱ्या वेगळ्या होईपर्यंत ती सेवा कुणाला देऊ नका, निदान त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेला तरी नाही.  ते म्हणाले, करार झालाय, बसवायला सुरुवात झालीये, पहिल्या टप्प्यात सहाशे घरं, तक्रार एकही नाही.

“तक्रार कोण करणार?” मी म्हणाले. “जो हजर आहे असं आपण सांगतो, त्याच्याकडे कुणी जातच नाही.”

“बघू,” ते म्हणाले.

मी त्या वहीवाल्या बाईंना स्वतः फोन केला. त्या आता तिथे काम करत नाहीत, असं कळलं. तिथल्या माणसानं सांगितलं, काळजी करू नका, आमच्या पडद्यावर सगळे हिरवे आहेत. मी त्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा तक्रार क्रमांक दिला.

दादाला शुद्ध यायला तीन दिवस लागले, बोलायला पाच आठवडे. मी रोज जायचे. तो माझ्याकडे बघायचा नाही. परिचारिकेकडे बघायचा, शिंपीणबाई आल्या तर त्यांचा हात धरायचा. मी बसले की तोंड भिंतीकडे. मला वाटायचं झटक्यामुळे असेल, डोक्यावर परिणाम झाला असेल. मग एक दिवस शिंपीणबाईंनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, “ताई, सांगू की नको कळत नाही. काल पहिल्यांदा नीट बोलले. म्हणाले, तिनं पाहिलं. पाहूनही आली नाही.”

मी जिन्यातच खाली बसले. तो तिथे पडून हे धरून बसला होता. वायर उपसल्यावर, पाच मिनिटं झाल्यावर, तासावर तास, मंगळवार, बुधवार, गुरुवार. ठिपका गेलाय, बारकीनं बघितलंय, आणि तिनं शब्द खरा केला. पडून राहा तिथेच. मी काही बघायला यायची नाही. पाय गेला, हात गेला, ते एक वेळ सोसेल तो. पण सख्ख्या बहिणीनं बघून पाठ फिरवली, हे घेऊन त्याला उरलेलं आयुष्य काढावं लागणार होतं, आणि ते खोटं होतं. खरं होतं ते यापेक्षा बरं होतं का, मला माहीत नव्हतं. पण त्याला ते कळायलाच हवं होतं. तोंडी सांगून त्याला पटलं नसतं. त्याला कुठलीही गोष्ट आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही, वहिनी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी नोंदीचा कागद छापून नेला. चारच ओळी. त्याच्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले, म्हणजे त्याला तोंड फिरवायला जागा नको.

“दादा, हे वाच. मग मला हाकलून दे हवं तर.”

त्यानं डोळे मिटले. मी हलले नाही. बऱ्याच वेळानं त्यानं डावा हात पुढे केला. मी चष्मा चढवला आणि कागद धरला. तो एकेक ओळीखाली बोट फिरवत वाचत होता. सोमवारची शेवटची कळ. मंगळवारी मशीन तुटलं. काम हलवलं. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. वापरकर्ता हजर.

“हि-र-वा?” त्यानं विचारलं. जीभ जड होती, शब्द ओढत आणत होता.

“हिरवाच होता. मी बघत होते. लोकांना दाखवत होते, दादा. म्हणाले, हा माझा भाऊ, वीज गेलीये त्याच्याकडे, पण तो आहे.” मग मी सगळं सांगितलं. त्या दोन ओळी, ती उडी, टाळ्या, नवऱ्यानं फोन कर म्हटलं ते, आणि मी नाही केला ते. आणि आमच्या घरात कुणी कधी म्हणत नाही ते म्हणाले. माझं चुकलं. मला माफ कर. मी तुझ्यावर रागावून थांबले नव्हते, मला कळलंच नाही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही.

तो माझ्याकडे बघत होता. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मग परत कागदाकडे बघितलं. ओठ हलत होते. हिशेब करताना त्याचे तसे हलतात, लहानपणापासून बघतेय.

“किती वेळ... लागला? हलवायला?”

“अडतीस सेकंद.”

त्यानं मान हलवली. एखाद्याचं काम चोख झालं की तो हलवायचा तशीच, आणि मला त्या क्षणी वाटलं की त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यानं बोट परत वर नेलं, पहिल्या ओळीवर ठेवलं, तिथून दुसऱ्या ओळीवर आणलं. दोन वेळांमधली वजाबाकी करायला त्याला थोडा वेळ लागला.

“मला सत्तावीस तास लागले, बारके,” तो म्हणाला. “चार हात अंतराला.”